भाड्याची बायको: थायलंडमधील परदेशी पाहुणे आणि स्थानिक स्त्रिया यांच्यातील व्यवहाराचा इतिहास

थायलंडमध्ये परदेशी पुरुष आणि स्थानिक स्त्री यांच्यातील मोबदल्याच्या संबंधांना किमान चारशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. सतराव्या शतकातील व्यापाऱ्याची हंगामी बायको, १९६० च्या दशकातील अमेरिकी सैनिकाची 'मिआ चाओ' म्हणजे भाड्याची बायको, पटायाच्या बारमधील कामगार स्त्री आणि ईशान्येकडील ईसान प्रदेशातून डेन्मार्क-स्वीडनला नांदायला गेलेली वधू ही त्याची चार ठळक रूपे. यांतले एकही रूप निव्वळ देहविक्रयाच्या किंवा निव्वळ विवाहाच्या चौकटीत नीट बसत नाही. स्वयंपाक, सोबत, दुभाषेपण, व्यापारातली मध्यस्थी, म्हातारपणची देखभाल असे बरेच काही या व्यवहारात मोडते. काळागणिक बदलत गेला तो अटी ठरवण्याचा अधिकार. तो कधी स्त्रीकडे व तिच्या माहेराकडे होता, तर कधी राजाकडे, लष्कराकडे किंवा बारमालकाकडे.

हंगामी विवाहाची रीत

आग्नेय आशियातील बंदरांचे जीवन मोसमी वाऱ्यांवर चाले. एका वाऱ्याने आलेले गलबत उलटा वारा सुटेपर्यंत काही महिने बंदरात अडकून पडे. या मुक्कामात व्यापाऱ्याला राहायला घर, जेवणखाण, स्थानिक भाषा जाणणारे माणूस आणि बाजारभावाची खबर लागे. हे सारे एका ठरावाने मिळे आणि तो ठराव म्हणजे तात्पुरता विवाह. कंबोडियातील अंगकोरला १२९६-९७ मध्ये राहून गेलेला चिनी प्रवासी झोउ दागुआन याने नोंदवले आहे की तिथला बाजार बायकाच चालवतात आणि म्हणून तिथे आलेला चिनी माणूस व्यापाराच्या सोयीसाठी आधी बायको करतो.

सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, मांडलिक असलेल्या पातानी बंदरात सतराव्या शतकाच्या आरंभी आलेला डच दर्यावर्दी याकोब फान नेक याने ही रीत तपशिलाने सांगितली आहे. जहाज लागले की स्त्रिया येऊन चौकशी करीत. किती महिने राहायचे आणि किती द्यायचे हे आधी ठरे. ठरल्यानंतर ती स्त्री त्याच्या घरी राहायला जाई, घर सांभाळी आणि त्या काळात दोघांनीही दुसऱ्या कोणाशी संबंध ठेवणे गैर मानले जाई. जाताना तो ठरलेली रक्कम देई आणि दोघे गोडीने वेगळे होत. तिच्या नावाला बट्टा लागत नसे व पुढे दुसरा विवाह करायलाही अडचण येत नसे.

या रीतीमागे समाजरचनेची काही कारणे होती. या प्रदेशात लग्नात पैसा मुलीकडच्यांना मिळे, जावई बहुधा सासुरवाडीला राहायला येई, काडीमोड सोपा होता आणि स्त्रीच्या नावे स्वतंत्र मालमत्ता असे. सयाममध्ये आणखी एक कारण होते. मुक्त प्रजाजन पुरुषाला वर्षातले कित्येक महिने राजाची वेठ करावी लागे. तो वेठीवर गेला की शेत, दुकान आणि घर बायकोच पाही. १६८७-८८ मध्ये फ्रान्सचा वकील म्हणून आलेल्या सिमाँ द ला लुबेर यानेही सयामी बायकांचा हा कामसूपणा टिपला आहे. परदेशी व्यापाऱ्याला त्यामुळे गृहिणीबरोबरच बाजार जाणणारी भागीदारही मिळे.

अयुथया या राजधानीतील ओसूत पेगुआ ही मोन समाजातील स्त्री या व्यवहाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीची अयुथयातही वखार होती. तिथल्या एकापाठोपाठ तीन डच अधिकाऱ्यांशी ओसूतने संसार केला. १६३० च्या दशकात वखारीचा प्रमुख झालेला येरेमियास फान फ्लीट हा त्यांपैकी एक. राजदरबारातल्या बड्या घरांशी ओसूतची ऊठबस होती. कंपनीचा माल दरबारात खपवणे आणि वखारीला लागणारा माल पुरवणे ही दोन्ही कामे तिच्या हातून होत, त्यामुळे कंपनीला तिला दुखावणे परवडत नसे. फान फ्लीट १६४० च्या दशकाच्या आरंभी सयाम सोडून गेला. तिच्यापासून झालेल्या आपल्या तीन मुली मिळवण्यासाठी त्याने पुष्कळ खटपट केली. पण सयामी स्त्रीच्या मुलींना देशाबाहेर नेण्यास राजाची मनाई होती आणि ओसूतचीही संमती नव्हती. १६५८ मध्ये ती वारल्यानंतरच मुली बापाच्या ताब्यात गेल्या. जिच्या हाती बाजाराच्या किल्ल्या होत्या ती स्त्री परदेशी पुरुषाशी बरोबरीने सौदा करू शके, हे या प्रकरणातून दिसते.

सगळ्याच स्त्रियांची स्थिती अशी नव्हती. ला लुबेरच्या वृत्तांतात सरकारी मान्यतेने स्त्रिया विकत घेऊन त्यांच्याकडून धंदा करवून घेणाऱ्या एका पदवीधारी सरदाराचाही उल्लेख आहे. त्या स्त्रिया बटकी होत्या. तात्पुरती बायको आणि बटीक हे दोन्ही प्रकार एकाच शहरात शेजारी-शेजारी नांदत होते.

बटकी, कंदील आणि कर

१८०५ मध्ये राजा पहिला राम याच्या कारकिर्दीत संकलित झालेल्या 'तीन मुद्रांच्या कायद्या'त बायकांचे तीन दर्जे होते: आईबापांनी लावून दिलेली मुख्य बायको, नंतर केलेली दुय्यम बायको आणि पैसे देऊन सोडवून आणलेली बटीक-बायको. नवऱ्याला बायको-मुले गहाण टाकण्याची किंवा विकण्याची मुभा जुन्या कायद्यात होती. कर्जापायी माणूस गहाण पडणे ही त्या समाजातली नित्याची बाब होती आणि कुंटणखान्यांना बायका मिळत त्या बऱ्याचदा याच वाटेने.

१८५५ च्या बाउरिंग तहाने सयामची बाजारपेठ ब्रिटिश व्यापाराला खुली झाली. तांदळाची निर्यात वाढली. गिरण्या, गोद्या आणि कालव्यांच्या कामांवर दक्षिण चीनमधून मजुरांची रीघ लागली. हे मजूर बहुतेक एकटे पुरुष होते. बँकॉकच्या सांपेंग या चिनी वस्तीत त्यांच्यासाठी जुगाराचे अड्डे, अफूची दुकाने आणि कुंटणखाने उभे राहिले. या व्यवसायातून गबर झालेल्या फेंग नावाच्या कुंटणखाना-मालकिणीने १८३३ मध्येच तिथे बौद्ध मंदिर बांधले होते. 'वाट खणिकाफोन', म्हणजे गणिकांच्या कमाईचे फळ, या नावाने ते आजही उभे आहे. सरकारलाही या धंद्यातून उत्पन्न मिळे. कुंटणखान्यांवरील कर रस्त्यांच्या देखभालीच्या नावाने वसूल होई.

१९०५ मध्ये राजा चुलालोंगकोर्न याने गुलामगिरी रद्द केली. मालकाच्या घरातून सुटलेल्या, पण जमीन किंवा माहेर नसलेल्या अनेक बायकांना बँकॉकमध्ये दुसरे काम मिळाले नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०८ मध्ये, संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायदा आला. त्यानुसार कुंटणखान्याची नोंदणी, परवाना, स्त्रियांची वैद्यकीय तपासणी आणि दारावर कंदील टांगणे सक्तीचे झाले. रिवाजाने हा कंदील हिरव्या काचेचा असे. अशा रीतीने धंदा कायदेशीर आणि करपात्र ठरला. त्याचे गिऱ्हाईक मात्र अजून मुख्यतः चिनी मजूर आणि सयामी पुरुष होते, गोरा परदेशी नव्हता. १९३५ मध्ये एकपत्नीत्वाचा कायदा झाला. दुय्यम बायकोची प्रथा कायद्याने संपली तरी व्यवहारात 'मिआ नोई' म्हणजे 'लहान बायको' या नावाने ती टिकून राहिली.

सैनिकांची सुट्टी

१९६० मध्ये फील्ड मार्शल सरित थनारत यांच्या लष्करी राजवटीने वेश्याव्यवसाय दडपण्याचा कायदा केला. त्याने धंदा करणारी स्त्री आणि करवून घेणारा असे दोघेही गुन्हेगार ठरले. स्त्रीला तुरुंगवास आणि त्यानंतर सुधारगृह अशी तरतूद होती. गिऱ्हाइकाला मात्र शिक्षा नव्हती. सहाच वर्षांनी, १९६६ मध्ये, मनोरंजन-स्थळांचा कायदा झाला आणि नाइट क्लब, डान्स हॉल, मसाज पार्लर व बार यांना परवाने मिळू लागले. अशा ठिकाणच्या कामगार स्त्रियांनी गिऱ्हाइकाला द्यायच्या 'खास सेवे'कडे पोलिसांनी डोळेझाक करायची, हा अलिखित नियम झाला. पुढची अनेक दशके या व्यवसायाने या दोन कायद्यांमधल्या फटीतच वस्ती केली.

ही फट ज्यांच्यासाठी सोयीची ठरली ते अमेरिकी सैनिक होते. व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामवरील बहुतांश हवाई हल्ले थायलंडमधील तळांवरून होत. कोरात, उदोन, उबोन, नखोन फनोम आणि ताखली येथे हवाई दलाचे तळ होते. १९६६ मध्ये पूर्व किनाऱ्यावर सत्ताहिपजवळ ऊ-तपाओचा प्रचंड तळ सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तिथून बी-५२ बॉम्बर उडू लागले. दशकाच्या अखेरीस सुमारे ५०,००० अमेरिकी सैनिक थायलंडमध्ये होते. याशिवाय १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या सैनिकांना 'विश्रांती आणि विरंगुळा' रजेसाठी थायलंडमध्ये आणण्याचा करार झाला. लढाईच्या वर्षभराच्या मुदतीत एकदा मिळणारी ही रजा सुमारे पाच दिवसांची असे. विवाहित सैनिक बायकोला भेटायला होनोलुलू निवडत, तर एकटे बँकॉक, हाँगकाँग, तैपेई किंवा सिडनी.

बँकॉकच्या न्यू फेचबुरी रस्त्यावर या रजेकऱ्यांसाठी हॉटेले, बार आणि मसाज पार्लर यांची रांग उभी राहिली. पाच दिवसांसाठी एकच स्त्री सोबतीला घ्यायची, तिच्याबरोबर बाजारहाट, जेवण, सहल करायची आणि विमानतळावर निरोप घ्यायचा, हा प्रकार रूढ झाला. तळांच्या गावांत मुक्काम लांब असल्यामुळे करारही महिन्याचा किंवा वर्षाचा असे. सैनिक गावात बंगला भाड्याने घेई. स्त्री घर चालवी, स्वयंपाक-धुणे पाही आणि ठरलेला पैसा महिन्याला घेई. बदली झाली की पुष्कळदा जाणारा सैनिकच तिची ओळख नव्याने आलेल्या मित्राशी करून देई. 'मिआ चाओ' हा शब्द या काळात घरोघरी पोचला. लेखक आजिन पंचफान यांनी लिहिलेले आणि मणी मणीवन यांनी गायलेले 'भाड्याच्या बायकोचे प्रेमपत्र' हे थाई गाणे फार गाजले. परत गेलेल्या जॉन या सैनिकाला मोडक्या इंग्रजीत लिहिलेले पत्र असे त्याचे स्वरूप आहे.

वरवर पाहता ही रीत पातानीतल्या हंगामी विवाहासारखीच दिसते, पण स्त्रीची बाजू पुरती बदलली होती. ओसूतकडे व्यापार होता. उदोनच्या स्त्रीकडे द्यायला फक्त स्वतःचे श्रम होते. पूर्वी बंदरातला व्यापारी स्थानिक राजाच्या मर्जीवर असे. आता पाहुणा देशाचा लष्करी पाठीराखा होता. रोगतपासणीची कार्डे स्त्रियांना बाळगावी लागत, सैनिकाने स्वतः कोणता आजार दिला याची चौकशी तिच्या बाजूने कोणी करीत नसे. शिवाय तिचा समाजही तिला जुन्या हंगामी बायकोसारखा मान देत नव्हता. मधल्या काळात एकपत्नीत्वाचा कायदा, शहरी मध्यमवर्गाची नवी नीतिकल्पना आणि १९६० ची बंदी यांनी तिला गुन्हेगार आणि कलंकित ठरवले होते.

या संबंधांतून झालेल्या मुलांचा प्रश्न युद्धानंतर उरला. काळ्या किंवा गोऱ्या अमेरिकी बापाची 'लुक ख्रुंग' म्हणजे अर्धी मुले आजी-आजोबांकडे वाढली. परदेशी बापाच्या मुलाला थाई आईकडून नागरिकत्व मिळण्यावर बंधने होती, ती १९९२ च्या दुरुस्तीने दूर झाली. 'सी फा' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेच्या 'खाओ नोक ना' म्हणजे 'शेताबाहेरचा भात' या कादंबरीने या मुलांची कहाणी थाई वाचकांपर्यंत नेली. अमेरिकेने १९८२ मध्ये अशा मुलांना प्रवेश देणारा कायदा केला. त्यात थायलंडचा समावेश होता, परंतु मुलाच्या आईला सोबत येण्याचा हक्क त्यात नव्हता.

सैनिकाकडून पर्यटकाकडे

१९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली आणि १९७६ च्या मध्यापर्यंत अमेरिकी सैन्य थायलंडमधून गेले. तळांच्या गावांतले बार ओस पडले. पण हॉटेले, टॅक्सीवाले, शिंपी, दलाल आणि हजारो स्त्रिया अशी उभी राहिलेली व्यवस्था रिकामी बसणारी नव्हती. त्याच सुमारास मोठी जेट विमाने आणि स्वस्त चार्टर सहली सुरू झाल्या होत्या. १९६० मध्ये थायलंडला सुमारे ८१,००० परदेशी पर्यटक आले होते; १९७० मध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास, १९८० मध्ये १८ लाखांहून अधिक आणि 'थायलंड पर्यटन वर्ष' म्हणून साजऱ्या झालेल्या १९८७ मध्ये सुमारे ३५ लाख. १९८० च्या दशकात परकीय चलन मिळवण्यात पर्यटनाने तांदळालाही मागे टाकले.

सरकारी धोरण दुतोंडी राहिले. १९७९ मध्ये थायलंड पर्यटन प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या जाहिरातींत मंदिरे, समुद्रकिनारे आणि हसतमुख तरुणी असत. १९८० मध्ये उपपंतप्रधान बुंचू रोजनस्तियन यांनी प्रांतांच्या राज्यपालांपुढे बोलताना पर्यटनवाढीसाठी काही नावडत्या वाटणाऱ्या मनोरंजनाच्या प्रकारांनाही वाव द्यावा, असे सुचवल्याचे वृत्त गाजले. युरोपातील काही प्रवासकंपन्या पुरुषांसाठी खास सहली काढीत. जपानी कंपन्या कर्मचाऱ्यांच्या गटसहली आणीत. त्यांच्या विरोधात फिलिपिन्स व थायलंडमधील स्त्रीसंघटनांनी १९८१ मध्ये जपानी पंतप्रधानांच्या दौऱ्याच्या वेळी निदर्शने केली. 'लैंगिक पर्यटन' हा शब्दप्रयोग याच काळात रुळला.

बँकॉकमध्ये या व्यवसायाची तीन केंद्रे ठरली. पतपोंगची जमीन १९४६ मध्ये पतपोंगपानिच या व्यापारी घराण्याने घेतली होती. आरंभी तिथे विमानकंपन्यांची आणि परदेशी संस्थांची कार्यालये होती. युद्धकाळात बार आले. सोई काउबॉय ही गल्ली १९७७ मध्ये तिथे बार काढणाऱ्या अमेरिकी हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका माणसाच्या टोपीवरून ओळखली जाऊ लागली. नाना हे तिसरे केंद्र. जपानी ग्राहकांसाठी पतपोंगजवळच थनिया रस्त्यावर वेगळे क्लब होते. पटाया हे मुळात कोळ्यांचे गाव. १९५९ मध्ये कोरातहून विश्रांतीसाठी आलेल्या अमेरिकी सैनिकांची तुकडी ही तिथल्या पर्यटनाची सुरुवात मानली जाते. शेजारच्या ऊ-तपाओ तळामुळे गाव वाढले आणि १९७८ मध्ये त्याला स्वतंत्र नगरशासनाचा खास दर्जा मिळाला.

या साऱ्यात एक गोष्ट झाकली जाते. थायलंडमधील देहविक्रयाचा मोठा हिस्सा स्थानिक पुरुषांसाठीच चालत आला आहे. परदेशी पाहुण्यांचा बाजार हा त्यातला लहान, पण जास्त पैसा मिळवून देणारा आणि जगाच्या नजरेत भरणारा भाग.

ईसानच्या कोरडवाहू शेतातून

परदेशी पाहुण्यांच्या बारमध्ये काम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने ईसान या ईशान्य भागातल्या. लाओ बोली बोलणारा हा प्रदेश थायलंडचा सर्वांत गरीब भाग होता. रेताड जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि वर्षाला भाताचे एकच पीक. त्यात सरकारने १९५० च्या दशकापासून १९८६ पर्यंत तांदळाच्या निर्यातीवर विशेष आकार लावून देशातले भाव पाडून ठेवले होते. शहरी मजुराला भात स्वस्त मिळे आणि त्याची किंमत शेतकरी मोजी. अमेरिकी मदतीने बांधलेल्या मित्रफाप महामार्गाने ईसान बँकॉकला जोडला गेला. तळांकडे लष्करी सामान नेणाऱ्या याच रस्त्याने खेड्यातल्या मुली शहराकडे निघाल्या.

अर्थतज्ज्ञ पासुक फोंगपाइचित यांनी बँकॉकच्या ५० मसाज कामगार स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास केला आणि तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. या स्त्रिया घर सोडून पळालेल्या नव्हत्या. त्या घर चालवत होत्या. गावाकडे जाणाऱ्या पैशातून घराचे छप्पर, बापाचे कर्ज, भावाचे शिक्षण आणि शेताची खते होत. गिरणीत किंवा घरकामात मिळाली असती त्याच्या कितीतरी पट कमाई या धंद्यात होती. दुसरा कोणताही रोजगार त्या पगाराच्या जवळपासही पोचत नव्हता.

पैसा पाठवण्यामागे कुटुंबव्यवस्थेचा रेटा होता. आईबापांच्या उपकारांची, म्हणजे 'बुनखुन'ची, फेड हे थाई मुलांचे पहिले कर्तव्य. मुलगा काही काळ भिक्खू होऊन आईबापांना पुण्य मिळवून देतो आणि उतराई होतो. मुलीला भिक्खू होता येत नाही. तिने घर सांभाळायचे असते. ईसानमध्ये घर धाकट्या मुलीकडे जाते आणि म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारीही तिच्याकडेच. जुन्या काळी स्त्रीला मान आणि मालमत्ता देणारी ही रीत शेती बुडाल्यावर तिच्यावरचे ओझे झाली.

बारचा हिशोब

परदेशी ग्राहकांच्या बारची रचना १९६० चा कायदा चुकवण्यासाठीच घडलेली आहे. बार दारू विकतो, स्त्री विकत नाही. कामगार स्त्रीला थोडा मासिक पगार असतो किंवा तोही नसतो. ग्राहकाने तिच्यासाठी घेतलेल्या पेयावर तिला दलाली मिळते आणि महिन्याला किती पेये व्हायला हवीत याचा कोटा असतो. उशीर, रजा किंवा कोटा चुकला तर पगार कापला जातो. ग्राहकाला तिला बाहेर न्यायचे असेल तर तो बारला 'बार फाइन' देतो, म्हणजे तिच्या गैरहजेरीची भरपाई. पुढचा व्यवहार त्या दोघांचा, त्याच्याशी बारचा कागदोपत्री संबंध नाही.

या रचनेमुळे व्यवहार बऱ्याचदा मोकळा सोडलेला असतो. बँकॉकच्या एका गल्लीत १९८० च्या दशकात अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी ही गोष्ट नेमकी टिपली. अनेक स्त्रिया दर ठरवत नसत. एका रात्रीची ओळख सुट्टीभराच्या सोबतीत, मग पत्रव्यवहारात आणि परदेशातून दरमहा येणाऱ्या पैशात बदलू शके. त्यासाठी ग्राहकाने स्वतःला ग्राहक न समजता प्रियकर समजणे दोघांच्याही सोयीचे होते. इंग्रजी पत्रे लिहून देणारे आणि वाचून दाखवणारे लेखनिक या भागात पोट भरत. एकाच वेळी तीन देशांतून पैसा येणाऱ्या स्त्रिया होत्या, तशाच वर्षानुवर्षे एका पत्राची वाट पाहणाऱ्याही. आर्थिक जोखीम दोघांनी वाटून घेतलेली नव्हती. पाहुण्याची परतीची तारीख ठरलेली असे. स्त्रीला वय वाढण्याआधी काहीतरी पक्के करायचे असे.

आग, साथ आणि कायदा

या व्यवसायाचा सर्वांत अंधारा भाग १९८४ च्या जानेवारीत उघडा पडला. फुकेत येथील एका कुंटणखान्याला आग लागली आणि खोलीत कोंडून ठेवलेल्या पाच तरुणी जळून मेल्या. कर्ज म्हणून आगाऊ पैसे देऊन मुली आणणे आणि ते फिटेपर्यंत कोंडून ठेवणे ही पद्धत मुख्यतः स्थानिक गिऱ्हाइकांच्या स्वस्त कुंटणखान्यांत होती. घटनेने देश हादरला. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, चंतविपा अपिसुक यांनी पतपोंगमध्ये 'एम्पॉवर' ही संस्था सुरू केली. बारमधल्या स्त्रियांना इंग्रजी शिकवण्यापासून तिचे काम सुरू झाले, कारण सौदा ज्या भाषेत होतो ती न येणारी स्त्री आपल्या अटी घालू शकत नाही. पुढे या स्त्रियांच्या कामगार-हक्कांसाठी बोलणारी ती प्रमुख संघटना झाली. लहान मुलांच्या शोषणाविरुद्धची आंतरराष्ट्रीय मोहीमही १९९० मध्ये बँकॉकमध्येच सुरू झाली. तिच्या दबावाने ऑस्ट्रेलियासह अनेक देशांनी आपल्या नागरिकांनी परदेशात केलेल्या अशा गुन्ह्यांवर मायदेशी खटला चालवण्याचे कायदे केले.

थायलंडमध्ये एड्सचा पहिला रुग्ण १९८४ मध्ये आढळला. पर्यटन घटेल या भीतीने सुरुवातीची काही वर्षे सरकार गप्प राहिले. १९८९ च्या तपासणीत चिआंग माईतील कुंटणखान्यांतल्या ४४ टक्के स्त्रिया बाधित निघाल्या. त्याच वर्षी राचबुरी प्रांतात डॉ. विवात रोजनपित्तयाकोर्न यांनी साधा नियम लावला: प्रांतातल्या प्रत्येक ठिकाणी निरोध सक्तीचा, जो मालक पाळणार नाही त्याचा धंदा बंद. सगळीकडे एकच नियम असल्याने गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याचा प्रश्न उरला नाही. १९९१ मध्ये आनंद पन्यारचुन यांच्या सरकारने हा कार्यक्रम देशभर नेला. मंत्री म्हणून मेचाई वीरवैद्य यांनी त्याचा धडाक्याने प्रचार केला. या व्यवसायातील निरोधाचा वापर १९८९ मधील १४ टक्क्यांवरून काही वर्षांतच ९० टक्क्यांपलीकडे गेला. बेकायदा धंद्याच्या मालकांना आरोग्यखात्याने नियम घालून द्यायचे, असा हा विचित्र पण परिणामकारक मार्ग होता.

१९९६ मध्ये १९६० चा कायदा जाऊन नवा आला. प्रौढ स्त्रीला तुरुंगाऐवजी किरकोळ दंड, तर दलाल, मालक आणि अठरा वर्षांखालील मुलींचे ग्राहक यांना जबर शिक्षा, असा त्याचा रोख आहे. धंदा बेकायदाच राहिला आणि त्यामुळे पोलिसांचे हप्तेही चालू राहिले. २००३ मध्ये बड्या मसाज पार्लरचे मालक चुवित कमोलविसित यांनी आपण पोलिसांना किती आणि काय दिले हे जाहीरपणे सांगितले आणि खळबळ उडाली. पुढे ते खासदार म्हणून निवडून आले.

मिआ फरांग

गेल्या तीस-चाळीस वर्षांत या संबंधांनी पुन्हा दीर्घ मुदतीचे रूप घेतले आहे. 'फरांग' म्हणजे गोरा परदेशी आणि 'मिआ फरांग' म्हणजे त्याची बायको. सरकारी नियोजन मंडळाच्या २००३ च्या पाहणीत एकट्या ईसानमध्ये परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या सुमारे १५,००० स्त्रियांची नोंद झाली. नवऱ्यांत जर्मन, स्विस, ब्रिटिश आणि स्कॅंडिनेव्हियन पुरुष पुष्कळ. यातल्या सगळ्याच स्त्रिया बारमधून आलेल्या नाहीत. घटस्फोटित, मुले असलेल्या आणि गावात दुसरे लग्न जमण्याची आशा नसलेल्या अनेकींना नात्यातल्या किंवा गावातल्या आधी गेलेल्या बाईने स्थळ दाखवलेले असते. डेन्मार्कच्या वायव्य टोकावरील थी या मच्छीमार भागात अशा साखळीने शेकडो थाई स्त्रिया गेल्या. यानुस मेट्झ आणि मानववंशशास्त्रज्ञ सीने प्लामबेक यांच्या २०१८ च्या 'हार्टबाउंड' या माहितीपटात तिथली काही कुटुंबे अनेक वर्षांच्या अंतराने दाखवली आहेत.

या लग्नांत जुन्या रीती नव्या कामाला येतात. वराने मुलीच्या आईबापांना द्यायचा 'सिन सोत' परदेशी जावयाकडूनही घेतला जातो. जावयाने सासुरवाडीला घर बांधायचे ही ईसानची पद्धत त्याला लागू होते. आणि परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नसल्यामुळे घराखालची जमीन बायकोच्या नावे असते. १९९९ पूर्वी परदेशी माणसाशी नोंदणीविवाह केलेल्या स्त्रीलाही जमीन विकत घेता येत नसे. त्या वर्षी, पैसा तिचा स्वतःचा आहे असे दोघांनी लिहून दिल्यास खरेदीची परवानगी मिळाली. त्यामुळे तिची बाजू काहीशी बळकट झाली. निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध नवरा देखभालीसाठी तिच्यावर अवलंबून असतो आणि जमीनही तिची असते. परदेशात गेलेल्या स्त्रीची बाब उलटी. तिथे तिचा राहण्याचा परवाना आरंभीची वर्षे नवऱ्याशी बांधलेला असतो आणि विवाह मोडला तर परत जाण्याची वेळ येऊ शकते.

आजची स्थिती

२०१९ मध्ये थायलंडला जवळपास चार कोटी परदेशी पर्यटक आले. त्यांत भारतीय सुमारे २० लाख होते. भारतीय सहलींत मुंबईहून सुटणाऱ्या बँकॉक-पटाया सहलींना मोठी मागणी आहे. विक्रीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या वितरकांना कंपन्या अशा सहलींचे बक्षीस देतात. पटायाच्या वॉकिंग स्ट्रीटवर भारतीय ग्राहकांसाठी हिंदी गाण्यांचे नाइट क्लब आहेत. कुटुंबासह जाणारे पर्यटक बहुसंख्य असले तरी पुरुषांच्या गटसहलींमुळे 'पटायाला जाऊन आला' या वाक्याला मराठीतही सूचक हसू चिकटले आहे. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश मिळू लागल्यावर हा ओघ आणखी वाढला.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे बार बंद झाले, तेव्हा वेश्याव्यवसायाविषयीच्या कायद्यांतली विसंगती ठळक झाली. ज्यांच्या कमाईवर पर्यटनाचा एक भाग उभा होता त्या स्त्रियांचे काम कागदोपत्री अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे कामगार म्हणून मिळणारी भरपाई आणि विमा यांपासून अनेकजणी वंचित राहिल्या. १९९६ चा कायदा रद्द करून या कामाला कामगार कायद्यांच्या कक्षेत आणावे, ही एम्पॉवर आणि इतर संघटनांची मागणी तेव्हापासून जोर धरू लागली. विरोधकांचे म्हणणे असे की कायदेशीर मान्यतेने मानवी तस्करी लपवणे सोपे होईल. समर्थकांच्या मते बेकायदेशीरपणाचा लाभ हप्ते घेणाऱ्यांना होतो, कारण गुन्हेगार ठरलेली स्त्री मालकाविरुद्ध तक्रार करू शकत नाही. अयुथयाच्या काळात हंगामी बायकोला समाजाची मान्यता होती आणि हाती बाजार होता. १९०८ नंतरच्या परवानाधारी स्त्रीला कायद्याची मान्यता होती, पण समाजाची नव्हती. १९६० नंतरच्या स्त्रीकडे दोन्ही नव्हते आणि तरी देशाच्या परकीय चलनात तिचा वाटा होता. आजची कायदेबदलाची चर्चा ही तफावत मिटवण्याविषयीची आहे.